फूल नाही, बी नाही, तरी वंश सुरूच
धानपट्ट्यातील नेचे ओळखायचे कसे आणि ओळख चुकली तर काय होते?

रोवणी आटोपते, बांध्यांत पाणी साचते आणि गोंदिया जिल्ह्याचा चेहरा पंधरा दिवसांत बदलतो. सालेकसा तालुक्यातील हाजरा धबधब्याजवळचे ओले खडक, कचारगडच्या गुहांचा परिसर, नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातले नाले, जुन्या विहिरींचे दगडी कठडे आणि थेट धानाच्या बांध्या, अशा सगळ्या ओलसर जागी या दिवसांत एक निराळ्या प्रकारची वनस्पती डोके वर काढते. तिला फूल येत नाही, फळ धरत नाही, बी पडत नाही. तरीही दर पावसाळ्यात ती हजर असते. हे नेचे. शहरात ‘फर्न’ या नावाने कुंडीत दिसतात, फुलांच्या गुच्छात हिरवळ म्हणून खोचले जातात, तेच.

नेचे म्हटले की कोकण, महाबळेश्वर किंवा हिमालय आठवतो. पण ज्या जिल्ह्यात वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो, गावोगावी मामा तलाव आणि बोड्या आहेत आणि मुख्य पीकच पाण्यात उभे राहते, तिथे नेच्यांना जागा मिळणारच. फरक इतकाच, की इथले नेचे शोभेपुरते नाहीत. पूर्व विदर्भ आणि छत्तीसगडच्या या पट्ट्यात एक नेचा भाजी म्हणून ताटात येतो, एक जनावरांच्या गव्हाणीत आणि धानाच्या बांधीत जातो आणि एक असा आहे की तो तलावात शिरला तर मासेमारीच थांबते. हे तिन्ही नेचे वरवर पाहणाऱ्याला ‘पाण्यावरचे काहीतरी हिरवे’ इतकेच दिसतात. म्हणून त्यांची शरीररचना आणि जीवनचक्र समजून घेणे हा केवळ दहावीच्या परीक्षेतला धडा उरत नाही.

तीन खुणा

नेचा ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली खूण कोवळ्या पानाची. बहुतेक नेच्यांचे नवे पान जमिनीतून वर येते तेव्हा ते घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असते आणि वाढता वाढता उलगडत जाते. नाजूक शेंडा आत सुरक्षित राहावा, अशी ही रचना. फुलझाडांमध्ये अशी गुंडाळी क्वचितच दिसते.

दुसरी खूण खोडाची. आपण ज्याला नेच्याचे झाड म्हणतो तो बहुधा नुसत्या पानांचा झुपका असतो. खरे खोड मातीत किंवा खडकाच्या फटीत आडवे पसरलेले असते. हळद आणि आल्याचा कंद असतो तसे. त्याच्या खालच्या अंगाने बारीक मुळे आणि वरच्या अंगाने पाने निघतात. पानाचा देठ पुढे पात्याच्या मधल्या शिरेसारखा जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पिसासारख्या पर्णिका लागतात. पाने वाळून गेली तरी हे आडवे खोड जिवंत राहते. मे महिन्यात करपलेल्या दरडीवर जुलैमध्ये हिरवे झुपके कुठून येतात, याचे एक उत्तर इथे आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची खूण पानाच्या पाठीवर असते. पक्व पान उलटे केले की खालच्या बाजूला तपकिरी ठिपके, रेघा किंवा कडेने दुमडलेली पट्टी दिसते. अनेकांना तो रोग वाटतो आणि पाने तोडून टाकली जातात. प्रत्यक्षात ते नेच्याचे पुनरुत्पादनाचे अवयव असतात. हे ठिपके गोल आहेत की लांबट, शिरेवर आहेत की कडेला, त्यांच्यावर पापुद्र्याचे झाकण आहे की नाही, यावरून जात ओळखली जाते. फुलझाडाची ओळख फुलावरून, तशी नेच्याची ओळख पानाच्या पाठीवरून.

ओल्या दरडींवर दिसणारा हंसराज याचे सोपे उदाहरण आहे. काळाभोर, चकचकीत, तारेसारखा देठ आणि त्यावर अर्धगोल किंवा पंख्यासारख्या पातळ पर्णिका. पर्णिकेची वरची कड खालच्या बाजूला दुमडलेली असते आणि त्या दुमडीखाली तपकिरी पट्टी लपलेली असते. देठाचा रंग, पर्णिकेचा आकार आणि दुमडलेली कड या तिन्ही गोष्टी जुळल्या तर तो हंसराजाच्या गटातला, म्हणजे अ‍ॅडिअँटम प्रजातीतला नेचा असतो.

वाळताना सुटणारी गोफण

पानामागचा प्रत्येक ठिपका म्हणजे अनेक सूक्ष्म पिशव्यांचा पुंजका. या पिशव्यांना बीजाणूधानी म्हणतात. एका पिशवीत बहुधा ६४ बीजाणू असतात. एका पक्व पानावर अशा पिशव्या हजारोंनी असतात, त्यामुळे एकच झाड हंगामात लाखो बीजाणू सोडू शकते.

ते सोडण्याची पद्धत विलक्षण आहे. पिशवीच्या पाठीवरून डझनभर जाड भिंतींच्या पेशींची एक कमान गेलेली असते. हवा कोरडी झाली की या पेशींतले पाणी उडू लागते आणि कमान उलट्या बाजूला वाकते. पिशवी फाटते, तिचा वरचा भाग बीजाणूंसकट मागे ओढला जातो. पाणी आणखी कमी झाले की पेशींत अचानक बुडबुडे तयार होतात, ताण तुटतो आणि कमान झटक्यात पुढे येते. बीजाणू सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने बाहेर फेकले जातात. ही सगळी क्रिया सेकंदाच्या अगदी सूक्ष्म भागात घडते. शेतकरी मचाणावरून पाखरे उडवायला गोफण फिरवतो, तसेच हे. फरक असा की इथे स्नायू नाहीत. वाळणे हीच ताकद. पाऊस उघडून ऊन पडले की बीजाणू उडतात आणि वाऱ्यावर दूरवर जातात, ते याच कारणाने.

नजरेतून सुटलेली अर्धी पिढी

बीजाणू म्हणजे बी नव्हे. बीमध्ये आई-बापाच्या मिलनातून तयार झालेला अंकुर असतो आणि त्याच्यासाठी शिदोरीही असते. बीजाणू ही एकच पेशी. तिच्यात झाडाच्या गुणसूत्रांपैकी निम्मीच असतात. म्हणूनच ओल्या जागी पडलेल्या बीजाणूतून थेट नेचा उगवत नाही. उगवतो तो एक हिरवा, हृदयाच्या आकाराचा पापुद्रा. त्याला प्रोथॅलस म्हणतात. आकार नखापेक्षाही लहान, जाडी बहुतेक ठिकाणी एकाच पेशीची. त्याला खोड नाही, खरी मुळे नाहीत, फक्त मातीला धरून ठेवणारे बारीक तंतू असतात. शेवाळ समजून माणूस त्याच्यावर पाय देऊन जातो.

पण नेच्याचे नर-मादीचे मिलन घडते ते इथेच. पापुद्र्याच्या खालच्या बाजूला नर आणि मादी अवयव तयार होतात. नर अवयवातून सुटलेले शुक्राणू मळसूत्रासारखे पिळलेले असतात आणि शेपटीसारख्या अनेक तंतूंच्या साह्याने ते अक्षरशः पोहत अंड्याकडे जातात. पोहण्यासाठी पाणी हवेच. ते जास्त लागत नाही. पावसाच्या थेंबाने किंवा दवाने धरलेला पातळ थर पुरतो. पण तोही नसेल तर मिलन होत नाही. फलन झाले की त्याच पापुद्र्यावर छोटे मूळ आणि पहिले पान फुटते. काही दिवस कोवळा नेचा पापुद्र्यावर जगतो, मग स्वतंत्र होतो आणि पापुद्रा सुकून जातो.

म्हणजे एका नेच्याची दोन आयुष्ये असतात. एक आपल्याला दिसणारे, पानांचे. दुसरे न दिसणारे, पापुद्र्याचे. पहिले बीजाणू देते, दुसरे अंडी आणि शुक्राणू. यालाच पिढ्यांचे एकांतरण म्हणतात.

माणसाला हे कोडे सुटायला बराच वेळ लागला. मध्ययुगीन युरोपात समजूत होती की नेच्याला बी असणारच, पण ती अदृश्य असते आणि जवळ बाळगणाराही अदृश्य होतो. शेक्सपिअरच्या नाटकातही या समजुतीचा उल्लेख येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस जमैकात काम करणाऱ्या जॉन लिंडसे या शल्यचिकित्सकाने पानामागची धूळ मातीत पेरून तिच्यातून नेचे वाढवले आणि १७९४ मध्ये ते निरीक्षण प्रसिद्ध झाले. पुढे १८५१ मध्ये जर्मनीतील विल्हेल्म होफमाइस्टर याने शेवाळी, नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष या सगळ्यांत दोन पिढ्यांचे हे चक्र कसे चालते, ते दाखवून दिले. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. लाइपझिगला वडिलांच्या पुस्तक आणि संगीताच्या व्यवसायात काम करून पहाटेच्या वेळी तो सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पती पाहत असे.

हा पापुद्रा घरीही पाहता येतो. पाठीवर गडद तपकिरी ठिपके असलेले पान कागदाच्या घडीत दोन दिवस ठेवावे. कागदावर बारीक भुकटी पडते. उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेली वीट पसरट भांड्यातील पाण्यात ठेवून तिच्यावर ही भुकटी भुरभुरावी, वर काचेचे भांडे पालथे घालावे आणि थेट ऊन लागणार नाही अशा उजेडात ठेवावे. काही आठवड्यांत विटेवर हिरवी साय धरते. पुढे त्यातच हृदयाच्या आकाराचे पापुद्रे दिसू लागतात. अधूनमधून पाणी फवारले, तर त्यांच्यावर इवली पाने फुटतात. शाळेतील मुलांसाठी याहून स्वस्त प्रयोग नाही.

आठ कोरड्या महिन्यांची सोय

पोहायला पाणी हवे, ही अट गोंदियासारख्या प्रदेशात अवघड ठरते. ऑक्टोबरनंतर दरडी वाळतात आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यावर नेच्यांनी वेगवेगळे उपाय काढले आहेत.

हंसराजाचे लांब पान खाली वाकते, त्याचे टोक ओल्या मातीला टेकते आणि तिथेच नवे रोप फुटते. त्यापासून पुढचे, मग आणखी पुढचे. दरडीवर हा नेचा जणू पावले टाकत चालतो. याशिवाय भारतात आढळणाऱ्या हंसराजाच्या अनेक झाडांत पापुद्र्यापासून फलनाशिवायच नवा नेचा तयार होतो. पोहण्याची पायरीच गाळली की पाण्याची वाट पाहावी लागत नाही. मयूरशिखा हा ताडाच्या पानासारखा दिसणारा वीतभर उंचीचा नेचा खडकांच्या फटीत वाढतो. उन्हाळ्यात तो आवळून कोरडाठाक होतो आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवा होतो. बाजारात संजीवनी म्हणून विकली जाणारी, पाण्यात टाकली की उलगडणारी सिलॅजिनेला हेच करते. ती मात्र खरा नेचा नाही, नेच्यांची दूरची नातेवाईक आहे.

पाण्यातले तिघे

बांधी, बोडी आणि तलावातले नेचे ओळखायला थोडे अवघड, कारण ते नेच्यासारखे दिसतच नाहीत.

पहिला मार्सिलिया. छत्तीसगडमध्ये त्याला चुनचुनिया भाजी म्हणतात, संस्कृतात सुनिषण्णक. चिखलात आडवे पसरणारे बारीक खोड, त्यातून निघालेले लांब देठ आणि प्रत्येक देठाच्या टोकाला अधिक चिन्हासारख्या मांडलेल्या चार पर्णिका. रात्री त्या मिटतात. बांधाच्या धुऱ्यावर उगवणारी आंबुटी त्याच्यासारखीच वाटते, पण तिला तीन पर्णिका असतात, चव आंबट असते आणि पिवळे फूल येते. मार्सिलियाला चार पर्णिका, फूल नाही आणि कोवळे पान नेच्यासारखेच गुंडाळलेले.

दुसरा अझोला. पाण्यावर तरंगणारा, नखाएवढा, त्रिकोणी आकाराचा, खवल्यांसारख्या पानांचा. खाली पाण्यात बारीक मुळे लोंबतात. थंडीत किंवा कडक उन्हात तो लालसर होतो. डबक्यावर पसरणारी गुळगुळीत, मसुरीच्या दाण्यासारखी हिरवी टिकली म्हणजे अझोला नव्हे. ती लेम्ना, आणि ती फुलझाडांपैकी आहे.

तिसरा साल्व्हिनिया. त्याची पाने तीन-तीनच्या जुडीने येतात. दोन पाण्यावर तरंगतात. तिसरे पाण्याखाली मुळांच्या झुबक्यासारखे लोंबते, पण ते मूळ नसून रूप बदललेले पान असते. वरच्या पानांवर उभे केस असतात आणि त्यांमुळे पाण्याचा थेंब पानावर ठरत नाही. साल्व्हिनिया मोलेस्टा या उपद्रवी जातीत हे केस टोकाला जुळून अंडी फेटण्याच्या जाळीदार रवीसारखे दिसतात. गर्दी झाली की पाने दुमडून एकमेकांवर चढतात आणि पाण्यावर जाड गादी तयार होते.

ताटातला नेचा आणि जीवनसत्त्व ब-१

मार्सिलियाच्या देठांच्या बुंध्याशी उडदाच्या दाण्यासारखी कडक बोंडे येतात. त्यांच्यात बीजाणू बंद असतात. बांधी वाळली, जमीन भेगाळली तरी ही बोंडे चिखलात अनेक वर्षे टिकतात. कवच झिजले आणि पाणी आत गेले की काही मिनिटांत आतून जेलीसारखी दोरी बाहेर येते आणि तिच्यासोबत मोठे व लहान असे दोन प्रकारचे बीजाणू. पुढचे नर-मादीचे सगळे काम साधारण दिवसभरात उरकते. निंदण करूनही चुनचुनिया दर वर्षी परत का येतो, याचे कारण या बोंडांत आहे.

ऑस्ट्रेलियात याच प्रजातीतील नार्डू नावाच्या नेच्याची बोंडे दळून तिथले मूळ रहिवासी खात. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांची मोहीम मेलबर्नहून खंड ओलांडायला निघाली. परतताना अन्न संपले तेव्हा कूपर क्रीक या नदीकाठी या लोकांनी नार्डू खाणे सुरू केले. रोज पोटभर खाऊनही पाय गळत गेले, अंगातली ताकद गेली आणि १८६१ च्या हिवाळ्यात दोघेही मरण पावले. त्यांचा सोबती किंग मात्र यांद्रुवांधा या स्थानिक लोकांच्या आश्रयाने वाचला. पुढे १९९४ मध्ये संशोधकांनी याचे संभाव्य स्पष्टीकरण मांडले. नार्डूमध्ये थायमिनेज नावाचे विकर भरपूर असते आणि ते शरीराला लागणारे जीवनसत्त्व ब-१, म्हणजे थायमिन, नष्ट करते. थायमिनच्या अभावाने बेरीबेरी होतो. मूळ रहिवासी भाजणे, दळणे, भरपूर पाण्यात कालवणे अशा पद्धती वापरत. प्रवाशांनी अन्न उचलले, पण ते तयार करण्याची रीत पूर्ण उचलली नाही.

आपल्याकडची जात वेगळी आहे आणि पावसाळ्यात अधूनमधून शिजवून खाल्लेल्या भाजीने घाबरून जायचे कारण नाही. पण भातावर जगणाऱ्या भागात या गोष्टीकडे दुर्लक्षही करू नये. शरीरात थायमिनचा साठा दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. पांढऱ्याशुभ्र, घोटून पॉलिश केलेल्या तांदळात तो फारच थोडा उरतो. उकड्या तांदळात त्यामानाने अधिक राहतो, कारण उकडताना कोंड्यातील थायमिन दाण्यात मुरते. म्हणून अशी रानभाजी नीट शिजवावी, उकळलेले पाणी टाकून द्यावे आणि सोबत डाळ असावी. कच्चा रस ‘झोप येण्यासाठी’ किंवा ‘मेंदूसाठी’ रोज पिण्याचे सल्ले पाळू नयेत. हातापायांना मुंग्या, पायांत अशक्तपणा, सूज किंवा धाप अशी लक्षणे असतील तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे.

‘नेचा खाता येतो’ हे वाक्य सगळ्या नेच्यांना लागू होत नाही, हेही लक्षात ठेवावे. थंड डोंगरमाथ्यांवर वाढणाऱ्या ब्रॅकन नेच्यातील टॅक्विलोसाइड हे द्रव्य गुरांमध्ये मूत्राशयाचे कर्करोग घडवते. विटांच्या भिंतींवर आणि विहिरींत उगवणारा टेरिस व्हिटाटा हा नेचा जमिनीतील आर्सेनिक शोषून पानांत साठवतो. फ्लोरिडातील संशोधकांनी २००१ मध्ये हे दाखवले. गोंदियाच्या पूर्वेला छत्तीसगडमधील अंबागड चौकी परिसरात भूजलात आर्सेनिक असल्याची नोंद आहे, हे लक्षात घेतले तर कुठलाही अनोळखी नेचा औषध म्हणून उकळून पिणे किती धोक्याचे, ते कळते. आयुर्वेदात हंसराजाच्या गटातील नेचा हंसपदी म्हणून वापरला जातो. पण तो वैद्याच्या सल्ल्याने आणि खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावा.

पानात भाडेकरू ठेवणारा अझोला

अझोलाच्या प्रत्येक पानात एक पोकळी असते आणि तिच्यात निळे-हिरवे सूक्ष्मजीव राहतात. ते हवेतील नत्र पकडून नेच्याला देतात. बदल्यात नेचा त्यांना आसरा देतो. ही भागीदारी पिढ्यानपिढ्या तुटत नाही, कारण मादी बीजाणू ज्या बोंडात तयार होतो त्याच्या टोपीखाली या सूक्ष्मजीवांची छोटी वसाहत आधीच भरलेली असते. नवे रोप उगवताना भाडेकरू सोबत घेऊनच येते. अशी सोय वनस्पतींमध्ये दुर्मीळ आहे.

चीन आणि व्हिएतनाममध्ये अझोला शेकडो वर्षे धानशेतीत वापरला जातो. भारतात कटकच्या केंद्रीय धान संशोधन संस्थेने १९७० च्या दशकापासून त्यावर काम केले. बांधीत त्याचा थर भरून तो चिखलात मिसळला तर हेक्टरी २० ते ४० किलो नत्र मिळू शकते. युरियाची पूर्ण भरपाई होत नाही, पण मात्रा कमी करता येते.

जनावरांसाठी अझोला लावताना मात्र हिशेब नीट करावा. ‘अझोलात २० ते २५ टक्के प्रथिने’ हे खरे आहे, पण ते वाळलेल्या अझोलाचे. ताज्या अझोलात ९४ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. म्हणजे एक किलो ताज्या अझोलातून साधारण १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. ढेपेला जोड म्हणून तो उपयोगी आहे, पण ढेपेची जागा तो घेऊ शकत नाही. २० ते ३० अंश तापमानात तो झपाट्याने वाढतो, विदर्भाच्या उन्हाळ्यात सावलीशिवाय टिकत नाही. शेण टाकलेल्या टाक्यातून काढलेला अझोला स्वच्छ पाण्याने धुऊनच खाऊ घालावा.

एका चुकीच्या नावाची किंमत

साल्व्हिनिया मोलेस्टा या नेच्याचे जीवनचक्र अर्धवट आहे. त्याच्यात गुणसूत्रांचे पाच संच असतात, त्यामुळे त्यांची नीट जोडी लागत नाही. बोंडे येतात, पण कामाचे बीजाणू तयार होत नाहीत. पापुद्रा नाही, पोहणे नाही, फलन नाही. तो फक्त तुकडे होऊन वाढतो. पण पोषक पाण्यात दोन-तीन दिवसांत दुप्पट होण्याइतका त्याचा वेग आहे. पाण्यावर गादी धरली की उजेड खाली जात नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, डोंगा आणि जाळे अडकते.

आफ्रिकेतील झांबेझी नदीवर करिबा धरण १९५८ मध्ये बंद झाले आणि १९६२ पर्यंत साल्व्हिनियाने सुमारे १,००० चौरस किलोमीटर पाणी झाकले. तेव्हा त्याला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा हे दक्षिण अमेरिकेतील दुसऱ्या जातीचे नाव दिले गेले होते. म्हणून त्याचा नैसर्गिक शत्रू शोधायला शास्त्रज्ञ त्या जातीच्या प्रदेशात गेले, तिथले कीटक आणून सोडले आणि नियंत्रण झाले नाही. १९७२ मध्ये डेव्हिड मिचेल यांनी ही स्वतंत्र जात असल्याचे मांडले. तिचे खरे माहेर आग्नेय ब्राझीलमध्ये १९७८ मध्ये सापडले. तिथून आणलेला काळा, दोन-तीन मिलिमीटरचा भुंगा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील मूनडारा तलावात सोडला आणि वर्षभरातच तलाव मोकळा झाला. आधी सोडलेला भुंगा दिसायला तसाच, पण जात वेगळी. नेच्याचे नाव चुकले, म्हणून भुंगाही चुकला. दोन्ही नावे बरोबर व्हायला वीस वर्षे गेली.

भारतात केरळच्या पाण्यात या तणाने हैदोस घातला तेव्हा १९८० च्या दशकात हाच भुंगा उपयोगी पडला. अलीकडे हे तण विदर्भाच्या सीमेलगत आले. मध्य प्रदेशातील बैतुल जिल्ह्यात सारणीच्या सातपुडा जलाशयावर ते पसरले. तिथे लोक त्याला ‘चायनीज झालर’ म्हणतात. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने त्याच्याविरुद्ध हा भुंगा वापरला.

गोंदिया-भंडाऱ्यातील मामा तलाव कोहळी समाजाने पिढ्यानपिढ्या घडवले आणि त्यांच्या मासळीवर ढिवर समाजाची घरे चालतात. या तलावांतील बेशरम काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम काही गावांत ढिवर महिलांनी केले आहे. पाण्यात काय वाढू द्यायचे आणि काय उपटायचे हे ओळखता येणे, हीच त्या कामाची पहिली पायरी. साल्व्हिनिया मोलेस्टा शोभेच्या मत्स्यटाक्यांतून जगभर पसरला. म्हणून घरातील टाकीचे पाणी किंवा त्यातील वनस्पती तलावात, बोडीत किंवा नाल्यात टाकू नये. अझोलाचे बियाणे मागवले तर त्यात केसाळ, जोडीने तरंगणारी पाने मिसळलेली नाहीत ना, ते पाहावे. तलावात असे पान दिसले तर नमुना पिशवीत घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवावा. ताटाएवढा ठिपका हाताने काढता येतो, एकरभराची गादी नाही.

जंगलात किंवा धबधब्यावर गेल्यावर नेचे मुळासकट उपटून आणण्याची सवयही सोडावी. दरडीवरचा एक झुपका उपटला की आडवे खोड जाते आणि त्याभोवती न दिसणाऱ्या पापुद्र्यांची पुढची पिढीही पायाखाली जाते. पान जागच्या जागी हलक्या हाताने उलटावे, पाठीवरचे ठिपके पाहावेत, हवे तर फोटो काढावा. ओळख पटवायला तेवढे पुरते.